बाद मते

तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत
चौतीस वर्षं मी आकडे उतरवले
एकाच जाड रजिस्टरात.
पुठ्ठ्यावर नाव : सावरटोला विधानसभा मतदारसंघ.
पहिली पानं माझ्या हातची नाहीत,
पुंडलिक नन्नावरे नावाच्या कारकुनाची,
टाकाने लिहिलेली, प्रत्येक सातला पोट सुटलेलं.

बावन्न : राज्य मध्य प्रदेश, आमदार नागपूरला जायचा.
सत्तावन्न : राज्य मुंबई, आमदार दोन.
बासष्ट : राज्य महाराष्ट्र, आमदार पुन्हा एक.
गाव मात्र तिथंच, बोडीच्या पाळीवर,
आणि पेट्या डोंग्यातूनच नदी उतरायच्या.

बावन्नच्या यादीला समासात एक टीप आहे :
‘स्त्रियांनी नाव सांगितले नाही.
अमक्याची बायको, तमक्याची आई. खोडले.’
पुढे आकडा आहे, चार हजारांवर,
आणि आकड्यावर चहाच्या कपाचं गोल.

माझं पहिलं मोजणीचं साल अठ्ठ्याहत्तर.
धानाचं गोदाम, भुशाचा वास, वीज गेलेली,
पेट्रोमॅक्सभोवती पाखरं.
अकरा मतांनी निकाल लागला त्या रात्री,
आणि बाद मते दोन हजार नऊशे चार.
ती मी हाताळलीत, म्हणून सांगतो.
कोणी सगळ्याच चिन्हांवर शिक्के मारले होते,
कुणाला दुखवायचं नाही म्हणून.
कोणी मागच्या कोऱ्या बाजूला, नीट मधोमध.
एकीवर पेन्सिलीनं ‘पूल’ एवढंच.
एकीला कुंकू.
साहेब एकेक कागद उजेडाकडे धरत,
शिक्का रेघेच्या अलीकडे की पलीकडे,
पाहत, आणि म्हणत, बाद.
पुलाची मागणी अशी मी गठ्ठ्यात बांधली
सुतळीनं, दोन गाठी.

पंच्याऐंशीला अनसूया डोंगरवार उभी राहिली.
शिलाई मशीन. अपक्ष. अनामत अडीचशे रुपये,
सुट्या नोटांत भरलेली, मीच मोजली.
तिची आई बावन्नच्या खोडलेल्यांतली.
मिळाली तीनशे बारा. अनामत जप्त.
आणि तिच्या स्वतःच्या गावच्या पेटीत
एक.
गाव वर्षभर हसलं.
पुढं कधीतरी बाजारात भेटली,
पिशव्या शिवून विकत होती.
मी उगाच म्हटलं, निदान तुमचं तुम्हाला तरी पडलं.
दातांनी दोरा तोडत ती म्हणाली,
‘नाही जी, थे माह्यं नोहे.
माह्या हात कापला,
शिक्का रेघेवर बसला, माह्यं बाद झालं.
थे एक कोणाचं हाये
थेच तं शोधून रायली मी.’

त्यानंतर त्या गावचे आकडे लिहिताना
मला प्रत्येक माणूस संशयित वाटे.
कोतवाल? नवरा, जो तिच्याशी बोलत नसे?
की शाळेतला मास्तर, बदली होऊन गेलेला?

नव्वद, पंच्याण्णव, नव्व्याण्णव.
झेंडे बदलले, जीपच्या जागी मोठ्या गाड्या आल्या,
उभी राहणारी घराणी तीच, बोरकुटे आणि कापगते;
मागच्या खेपेचा जिंकणारा यंदाचा पडणारा.
याबद्दल मला विशेष काही सांगायचं नाही.
ते सगळे रकाने भरलेले आहेत.

दोन हजार चारला सगळीकडे यंत्रं आली.
बटण, लाल दिवा, एक लांब शिट्टी.
दुपारच्या आत निकाल.
‘बाद मते’ या रकान्यात काय लिहावं
मला सुचेना. शून्य लिहिलं,
मग खोडलं, मग एक आडवी रेघ.
नन्नावऱ्यांनी काय केलं असतं कोण जाणे.

मग फेररचनेचा नकाशा आला.
नदीच्या वरची गावं एकीकडे,
खालची दुसरीकडे, रस्त्याकडची तिसरीकडे.
सावरटोला कोणाच्याच नावात नाही.
अनसूयाबाईंचं घर वरच्यांत, पिशव्यांचं दुकान खालच्यांत.
मध्ये अजून डोंगाच.

रेकॉर्ड रूमच्या पोरानं विचारलं,
बाबूजी, हे कुठल्या गठ्ठ्यात?
मी शेवटचं पान उघडून पाहिलं.
दोन हजार नऊच्या निवडणुकीसाठी
मी आधीच रकाने आखून ठेवले होते,
उमेदवार, चिन्ह, वैध,
आणि सवयीनं, शेवटचा, बाद.

म्हटलं, ठेव कुठंही.
फूटपट्टी तेवढी घरी आणली.